डबा परत आला तर आधी झाकण बघा

थोरली शाळेत जायला लागली तेव्हा पहिले तीन आठवडे डबा जसाच्या तसा घरी यायचा. मी रोज पदार्थ बदलत होतो. ब्रेडचे तारे कापून झाले, झाकणाखाली चिठ्ठी ठेवून झाली. शेवटी एका रविवारी तिला म्हटलं, "उघड बघू हा." तिला झाकणच उघडता येईना! चारही बाजूंनी खटके असलेला तो डबा मीच हौसेनं आणला होता आणि बाईंना सांगायची तिला लाज वाटत होती.

तेव्हापासून नवा डबा आणला की आधी तो मुलाच्या हातात जातो. दोन-तीनदा उघडायचा, लावायचा. थर्मास असेल तर ही परीक्षा गरम अन्न भरून घ्या. आतली हवा गार होताना दाब कमी होतो आणि रिकामा असताना सहज फिरणारं झाकण घट्ट बसतं.

दुसरी परीक्षा माझी स्वतःची. एकदा तिच्यासारखाच डबा माझ्यासाठीही भरला आणि चार तासांनी उघडला. गरम भाताची वाफ झाकणावरून ठिबकून तळाशी लगदा झालेला. टोमॅटोमुळे ब्रेड ओलागच्च. केळं काळं पडलेलं आणि सगळ्याला त्याचाच वास. मीही अर्धा टाकला. मुलांच्या 'नखऱ्यां'बद्दल त्या दिवसापासून जपून बोलतो.

ब्रेडचं सोपं आहे. दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लोणी लावायचं, कारण स्निग्धाचा थर पाणी आत झिरपू देत नाही. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाकायचा. काकडी वेगळ्या खणात, तीही मीठ न लावता, नाहीतर पाणी सुटतं. केळं सालासकट आणि डब्याबाहेर.

सफरचंद अख्खं देऊ नका. मधल्या सुट्टीतला वेळ हात धुण्यात, जागा धरण्यात आणि गप्पांत जातो; अख्खं फळ चावत बसायला कुणाला सवड असते? फोडी काळ्या पडतात हे खरं. चिरल्यावर फळातल्या एन्झाइमची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते, म्हणून. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात फोडी दहा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यानं धुवून भरा. लिंबाचा रसही चालतो, पण आमच्याकडे "आंबट झालंय" म्हणून तो प्रयोग बंद पडला.

भात मात्र मी साध्या डब्यात देतच नाही, आणि तेही फक्त लगद्यामुळे नाही. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात. एकंदरीतच 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या सोयीचा पट्टा. नासण्यासारखं अन्न त्यात दोन तासांहून जास्त राहू नये, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून भात थर्मासमध्ये. थर्मासात आधी उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवायचं, ते ओतून दिलं की कडकडीत गरम भात भरायचा. नुसता गार थर्मास अन्नाचीच ऊब खातो. भात रात्रीचा असेल तर रात्रीच तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा आणि सकाळी सगळीकडून वाफाळेपर्यंत गरम व्हायला हवा. दही, चीज, उकडलेलं अंडं यांच्यासाठी उलटं. पाण्याची छोटी बाटली पाऊण भरून रात्री बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि सकाळी डब्याला टेकवून पिशवीत टाकायची. सुट्टीपर्यंत गार पाणीही मिळतं.

पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा आणि अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाणे, बदाम द्यायचे तर आधी शाळेत विचारा. वर्गात कुणाला अॅलर्जी असू शकते.

आणि नवा पदार्थ डब्यात नको. काही मुलांना नवी चव पटायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. ते रात्री घरी, आपल्या ताटातलं बघत होऊ दे. शाळेत भूक लागलेली असते, आजूबाजूला चार डोळे बघत असतात. तिथे ओळखीचंच हवं.

"का नाही खाल्लंस?" हे विचारणं मी सोडलंय. उरलेलं फेकू नका, तसंच घरी आणा, एवढंच सांगितलंय. परत आलेला डबा बरंच बोलतो. धाकट्याच्या डब्यात रोज गाजराचा एकच तुकडा उरायचा. चौकशी केल्यावर कळलं, तो बाकीच्यांपेक्षा जाड असतो. आता सगळे तुकडे एका मापाचे कापतो. काल पुन्हा एक आला. म्हणे, बारीक होता.