नाक आतून सुजलं की बाहेर काय दिसतं, आणि काय करायचं

सर्दीत नाक जाडजूड झाल्यासारखं वाटतं, पण आरशात आकार सहसा तोच असतो. सुजतात त्या हाडाच्या चौकटीतल्या मांसल पट्ट्या, म्हणजे टर्बिनेट. बाहेर बदलते ती कातडी.

खिडकीसमोर उभं राहून पाहा. शेंड्याच्या थोडं वर आडवी रेघ असेल तर ती ॲलर्जीची खूण. नाक खाजतं म्हणून मुलं तळहाताने ते खालून वर ढकलतात, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने घडी पडते. डोळ्यांखालचं काळं जागरणाचंच असतं असं नाही. नाक चोंदलं की तिथल्या शिरांतलं रक्त तुंबतं. नाकपुडीच्या कडा सोललेल्या असतील तर दोष रुमालाचा. पुसू नका, नुसतं टिपा आणि व्हॅसलीनचा पातळ थर लावा.

खाज कमी झाली की चोळणं थांबतं, म्हणून उपचार आतूनच. पाव लिटर पाण्यात अर्धा सपाट चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून नाक धुवा. पाणी खळखळून उकळल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या, मग कोमट करा. आरओचं पाणीही उकळूनच घ्या; नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याने माणसं दगावली आहेत.

डॉक्टरांनी स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा. टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे असू द्या. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की घोळणा फुटतो, आणि लोक स्प्रेलाच नावं ठेवतात. पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागतात. ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब लगेच नाक मोकळं करतात, पण सलग तीन-चार दिवसांपुढे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

शेंडा लालबुंद, ठणकणारा झाला असेल तर ती ॲलर्जी नव्हे. केस उपटल्याने किंवा नाक कोरल्याने आत पुळी धरते. ती पिळायची नाही: इथल्या शिरा मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेला जोडलेल्या आहेत. डोळा सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाकावर मार बसल्यानंतर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या आणि पडदा फुगलेला, मऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. पडद्याच्या कूर्चेला, म्हणजे आतल्या लवचिक हाडाला, रक्त मिळतं ते वरच्या आवरणातून. दोघांच्या मध्ये रक्त साठलं की हा पुरवठा तुटतो, कूर्चा मरते आणि नाकाचा दांडा मधोमध बसतो.