अनोळखी नंबर नेटवर शोधताय? या चुका टाळा

मिस्ड कॉल दिसला की अंगठा आधी कॉलबॅककडे जातो. पहिली चूक तीच. एकच रिंग देऊन फोन ठेवायचा आणि तुम्ही महागड्या परदेशी नंबरवर उलट फोन कराल याची वाट बघायची, या फसवणुकीला जपानीत ‘वांगिरी’ असं नावच आहे. म्हणून आधी देशाचा कोड बघा. तोही घाईत नको: +१ दिसलं म्हणजे अमेरिकाच असं नाही, कॅनडा आणि कॅरिबियनमधली बरीच बेटंही त्यातच येतात.

पुढची चूक म्हणजे नंबर एकदा टाकून ‘काही सापडत नाही’ म्हणत सोडून देणं. कोणी नंबर देशाच्या कोडसकट लिहितं, कोणी शून्य लावून, कोणी मध्ये जागा किंवा डॅश सोडून. या सगळ्या रीतींनी शोधा आणि दर वेळी नंबर अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर भलतेच आकडे समोर येतात.

ट्रूकॉलरसारख्या ॲपवर दिसलेलं नाव पुरावा धरू नका. ही नावं बऱ्याचदा लोकांकडूनच आलेली असतात. ‘उचलू नको’ हे काही कुणाचं आडनाव नव्हे! शिवाय बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो, जुनं नाव मात्र चिकटून राहतं.

सगळ्यात घातक चूक अगदी हुशारीची वाटते. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याचा नंबर तुम्ही शोधता, तो खरंच बँकेच्या साइटवर सापडतो आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. पण स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट दाखवता येतो. याला स्पूफिंग म्हणतात. नंबर बँकेचा निघाला म्हणून बोलणारा बँकेचा ठरत नाही. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा. बँकेचा नंबर सर्चमध्ये शोधायला जाऊ नका, तिथेही खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. आणि दिसणारा नंबर असा बनावट असू शकतो म्हणूनच, स्क्रीनवरच्या नंबरवर फोन करून शिव्याही घालू नका. तो ज्याचा आहे त्या बिचाऱ्याला बहुधा काहीच ठाऊक नसतं.

व्हॉट्सॲपवर फोटो दिसावा म्हणून नंबर सेव्ह करत असाल तर आधी स्वतःची प्रायव्हसी सेटिंग बघा. ती ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर असेल, तर सेव्ह करताच तुमचा फोटो त्याला दिसू लागतो. बघायला गेलात तुम्ही, दिसलात तुम्हीच.

नाव सांगण्याआधी तुमचाच नंबर किंवा ओटीपी मागणारी साइट मात्र तिथल्या तिथे बंद करा.