पुण्यात बसून बोटीची झडती शिकवायची तर

"पुण्यात समुद्र कुठाय?" कोथरूडच्या भाजीवाल्यापासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. नसू दे. गस्ती बोटीवर पंधरा वर्षं काढलीत, त्या भरवशावर सांगतो: नव्या अधिकाऱ्याचं निम्मं शिक्षण कोरड्यावरच व्हायला हवं. पाण्यावर गेलं की निम्मा वर्ग ओकत असतो.

सुरुवात बंदुकीनं करू नका. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात मोजपट्टी द्या. माझ्या ओळखीच्या एकाच्या गॅरेजात, भोसरीला, जुना टेम्पो उभा असतो. हौदा आतून मोजा, बाहेरून मोजा, वजाबाकी करा. मागच्या बॅचच्या वेळी आम्ही आत प्लायची खोटी भिंत ठोकून वर मळकी ताडपत्री लावली होती. अकरा जणांनी टकटक करून "भरीव आहे सर" म्हटलं. एका मुलीनं मोजलं: बाहेरून चौदा फूट, आतून साडेबारा.

मचव्यावरही, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरही, हेच करायचं. डिझेलच्या टाकीत सळई सोडा. टाकी बाहेरून साडेतीन फूट उंच आणि सळई दोन फुटांवरच टेकली, तर उरलेला दीड फूट कुठे गेला? गंजलेल्या बोटीवर चकचकीत स्क्रू, एकाच फळीला ताजा रंग, बर्फाच्या कप्प्यात मासळीचा वासच नाही. अशा जागी थांबा, घाई करू नका.

दुसऱ्या दिवशी फरशीवर खडूनं रेघा मारा: किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, २४, आणि २०० (आपल्या आर्थिक क्षेत्राची हद्द). पोरांना त्यावर उभं करून विचारा, इथे लूट झाली तर काय म्हणाल? १२ च्या आत ती सशस्त्र दरोडा, आपल्या नेहमीच्या कायद्यातली. त्यापलीकडे, एका जहाजावरच्या लोकांनी स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्या जहाजावर हल्ला केला तर चाचेगिरी. तिथे आपला २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा. १२ ते २४ चा पट्टा कस्टम्सच्या दृष्टीनं महत्त्वाचा. हे पाठ करून होत नाही, रेघेवर उभं राहूनच डोक्यात बसतं.

मग फोटो दाखवा. डिझेलचे पिंप मच्छीमारांकडेही असतात, त्यावरून कुणाला चाचा ठरवू नका. पण जाळं नाही, दोन दणकट इंजिनं आणि टोकाला आकडे असलेली लांब शिडी? शिडीनं मासे धरत नाहीत.

बोटीवर चढल्यावर तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, नीट बोला. अरे-तुरे करणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढतो. समुद्रावर अनोळखी बोट पहिल्यांदा कोळ्यांनाच दिसते, आणि अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. खलाशांना पुढच्या डेकवर बसवा, मग एकेकाला बाजूला घेऊन तोच साधा प्रश्न: काल रात्री जेवायला काय होतं? चौघांची चार उत्तरं आली की कामाला लागा.

सगळ्यात जास्त वेळ पंचनाम्याला द्या, पोरं जांभया देतील तरी. मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या आयएनएस कोलकातानं जवळपास ४० तास पाठपुरावा करून सोमाली चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन हे मालवाहू जहाज सोडवलं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. बातमी तिथे संपली. त्या चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करायचं काम पुढे उरलंच होतं. माझ्या एका प्रकरणात मी पिशवीवर सील लावल्याची वेळ लिहायला विसरलो. वकिलानं त्या एका रिकाम्या जागेवर मला दोन तास उभं केलं. म्हणून माझ्या वर्गात वेळ, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, वजन, सील क्रमांक, पंचांच्या सह्या, सगळं तिथल्या तिथे, पेननं. झडतीचं चित्रीकरणही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे आलंच. फोन चार्ज केलाय का ते आधी बघा.

परवा गॅरेजवाला विचारत होता, ती प्लायची भिंत काढू का? म्हटलं, राहू दे. पुढच्या बॅचला सिनियर पोरं भिंतीचं सांगूनच ठेवणार. आपण लपवायचं पुडकं या वेळी स्टेपनीत ठेवू.