चंद्रावरची विवरे पाहायची असतील तर पौर्णिमा टाळा
चंद्रावरची विवरे पाहण्यासाठी पौर्णिमेला दुर्बीण काढू नये; त्या रात्री सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने सावल्या जवळजवळ दिसत नाहीत आणि सारे बिंब सपाट भासते. त्याऐवजी शुद्ध सप्तमी ते दशमीच्या संध्याकाळी चंद्रावरील दिवस आणि रात्र यांच्या सीमारेषेवर नजर ठेवावी, कारण तिथे सूर्य नुकताच उगवत असतो आणि लहानशा उंचवट्याचीही लांबलचक सावली पडते. ही रेषा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे साधारण सायकलच्या वेगाने सरकते.

नवमी-दशमीच्या सुमारास ती कोपर्निकस या सुमारे ९३ किलोमीटर व्यासाच्या विवरावर येते. तेव्हा काठ उजळलेला असतो, तळ अजून काळोखात असतो आणि थोड्या वेळाने त्या काळोखात मधली शिखरे प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी उमटतात. हे दृश्य खरोखर विलक्षण असते. एकच विवर निवडून दर अर्ध्या तासाने त्याचे साधे रेखाचित्र काढावे, म्हणजे आखडत जाणारी सावली कागदावरच दिसते. चंद्राची चकाकी डोळ्यांना त्रास देत असेल तर अंधार पडण्याआधी, संधिप्रकाशातच निरीक्षण सुरू करावे.