व्हीएफओची सरकासरकी थांबवली

परभणीचा मे महिना, त्यात पत्र्याची खोली. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स या घरी जोडायच्या रेडिओच्या आराखड्यावर जोडलेला माझा ४० मीटर पट्ट्याचा हौशी रेडिओचा (हॅम) सेट दुपारी ७.१०० मेगाहर्ट्झवर टिकेचना. समोरच्याचा आवाज हळूहळू चिरका व्हायचा. तापलेलं सोल्डरिंग आयर्न व्हीएफओजवळ, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरजवळ, नुसतं धरलं, तरी शिट्टीचा सूर बदले. म्हणजे भानगड उष्णतेचीच. ऑसिलेटरमधले साधे सिरॅमिक डिस्क कपॅसिटर काढून तापमानाने जवळजवळ न बदलणारे एनपी-झिरो लावले, कॉइलचे वेढे मेणाने पक्के केले. आयआरएफ ५१० या पॉवर ट्रान्झिस्टरचा हीटसिंक डब्याबाहेर नेला. मधे अभ्रकाची चकती हवीच, कारण ट्रान्झिस्टरचा पत्रा त्याच्या ड्रेनला, म्हणजे वीज वाहणाऱ्या टोकाला, जोडलेला असतो. स्थिर फ्रिक्वेन्सी बनवणारा डिजिटल सिंथेसायझर बसवला असता तर हे झटकन सुटलं असतं, पण नॉब फिरवायची मजा गेली असती. आता सेट थोडा तापू देतो, मग माइक उचलतो. पाच-सहा वॅट आणि कडुलिंबाला ताणलेला डायपोल अँटेना, एवढ्यावर गप्पा होतात.