ताणामुळे आखडलेला जबडा सैल कसा करावा

संध्याकाळी कानशिलं ठणकतात. जांभई देताना कानापाशी कट् असा आवाज येतो. कान दुखतोय म्हणून तपासून घ्यावा, तर कानात काहीच निघत नाही. मार्चअखेरीची कामं, परीक्षा, घरातलं आजारपण अशा दिवसांत हे त्रास वाढत असतील, तर लक्ष जबड्याच्या सांध्याकडे जायला हवं. यातला बराचसा त्रास घरच्या घरी, पैसे न खर्चता कमी करता येतो. मात्र सुरुवात योग्य जागेपासून झाली पाहिजे, आणि ती जागा म्हणजे दिवसभर एकमेकांना टेकून राहिलेले दात.

आधी सांध्याचं काम समजून घ्या. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे सरकतं तो हा सांधा. तोंड उघडताना खालच्या जबड्याचं गोल टोक आधी जागीच फिरतं आणि मग पुढे घसरतं. ते टोक आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक पातळ, चिवट चकती असते. ती जागेवरून थोडी सरकली की तोंड उघडताना कट् होतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचारांची गरज नसते. असा आवाज खूप जणांना येतो.

ताण इथे तीन वाटांनी पोहोचतो. एक, मन सावध असलं की मान, खांदे आणि जबड्याचे स्नायू नकळत आवळले जातात. दोन, झोप उथळ होते, वारंवार चाळवते आणि तशा क्षणी दात खाल्ले जातात. तीन, मज्जासंस्था हळवी होते आणि एरवी जाणवलीही नसती अशी दुखरी जागा ठणकू लागते. अमेरिकेतल्या ‘ओपेरा’ नावाच्या मोठ्या अभ्यासात जबडा दुखत नसलेल्या लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना ताण जास्त जाणवत होता आणि ज्यांची झोप बिघडत गेली, त्यांना पुढे हे दुखणं लागण्याची शक्यता जास्त होती, असं २०१३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसलं. म्हणून फक्त सांध्यावर उपचार करून भागत नाही.

पायरी १: खूण पटवा

दोन्ही तळवे गालांवर ठेवून दात आवळा. जबड्याच्या कोपऱ्यावर जो गोळा फुगतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. दात सैल सोडून तो बोटांनी दाबा, मग कानशिलं दाबा. नेहमीचंच दुखणं तिथे जागं झालं, तर ते बहुधा स्नायूंचं आहे. आरशात जिभेच्या कडा पाहा. दातांचे वळ उमटलेत का? गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ आहे का? सुळ्यांची टोकं सपाट झालीत का?

आता तोंड किती उघडतं ते मोजा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. आकडा लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्याच वेळी पुन्हा मोजा.

पायरी २: हे दुसरं काही नाही ना?

गुटखा, मावा, सुपारी यांची सवय असेल, तोंड हळूहळू कमी उघडत असेल, तिखटानं आग होत असेल आणि गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ लागत असेल, तर तो ताणाचा प्रकार समजू नका. त्या रोगातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. सुपारी आजच बंद करून दंतवैद्याला दाखवा. सूज, ताप आणि अक्कलदाढेपाशी ठणका असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा दम लागतो, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. हृदयाचं दुखणं जबड्यात जाणवू शकतं. पन्नाशीनंतर कानशिलाची नवी डोकेदुखी सुरू झाली आणि घास चावताना जबडा भरून येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्यामागे रक्तवाहिनीचा दाह असेल तर दृष्टी जाण्याचा धोका असतो.

पायरी ३: दिवसा टेकलेले दात हेरा

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या. खाताना आणि गिळताना वरचे-खालचे दात एकमेकांना भेटतात तो सगळा वेळ मिळून दिवसाकाठी जेमतेम वीसेक मिनिटं भरतो. उरलेला वेळ दोन्ही रांगांमध्ये २ ते ४ मिलिमीटर फट असायला हवी. दात करकचून आवळले तरच नुकसान होतं असं नाही. ते तासन्‌तास नुसते हलके टेकून राहिले तरी स्नायूंना सुट्टी मिळत नाही, ते थकतात आणि दुखू लागतात.

दुकानात मिळणाऱ्या साध्या टिकल्यांचं पाकीट घ्या. लॅपटॉपच्या कोपऱ्यावर एक, मोबाइलच्या पाठीवर एक, ओट्यासमोरच्या टाइलवर, गाडीच्या डॅशबोर्डवर, आरशावर, अशा आठ-दहा टिकल्या लावा. टिकली दिसली की एकच प्रश्न: दात टेकलेत का? टेकले असतील तर ओठ मिटलेले ठेवून दात सोडा. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथे लागतं तिथे ते अलगद ठेवा, खांदे खाली सोडा आणि नाकानं एक लांब श्वास सोडा. पाच सेकंदांत काम होतं.

यात काही चुका ठरलेल्या आहेत. दात लांब ठेवायचे म्हणून जबडा जोर लावून खाली धरला जातो. त्यानं दुसरे स्नायू थकतात. जीभ टाळूवर दाबली जाते किंवा दातांमध्ये धरली जाते. आठवड्यानं टिकल्या डोळ्यांच्या सवयीच्या होतात आणि दिसेनाशा होतात, म्हणून रंग आणि जागा बदलत राहा. पहिले काही दिवस ‘मी तर सारखेच दात आवळतोय’ असं वाटेल. सवय वाढलेली नसते, ती आता लक्षात यायला लागलेली असते. ट्रॅफिक, सुईत दोरा ओवणं, कणीक मळणं, जिममध्ये वजन उचलणं आणि खांदा-कानात फोन दाबून बोलणं, या वेळा विशेष तपासा.

पायरी ४: स्नायू मोकळे करा

कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. नुकताच मार लागला असेल तर शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं धरा. शेकानंतर गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत तीन बोटांनी दाब देत उतरा, दुखऱ्या जागी अर्धा मिनिट थांबा. दाब सहन होईल इतकाच ठेवा.

मग जीभ टाळूला लावून, ती सुटणार नाही इतकंच तोंड उघडा आणि मिटा. एका वेळी सहादा, दिवसातून सहा वेळा. जीभ लावलेली असली की जबडा फार पुढे घसरत नाही, म्हणून हा व्यायाम सांध्याला सोसतो. आवाज पुन्हा येतोय का हे पाहायला जबडा मुद्दाम कटकट वाजवू नका.

पायरी ५: दोन आठवडे मऊ खा

मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, उपमा, पिठलं, दुधात कुस्करलेली पोळी चालेल. ऊस, चिक्की, कडक भाकरीचा पापुद्रा, भाजलेलं कणीस, च्युइंगगम बंद. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

पायरी ६: रात्र सांभाळा

दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. दारू आणि तंबाखू यांचाही झोपेत दात खाण्याशी संबंध आहे. झोपण्याआधी दहा मिनिटं चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. भ्रामरी करत असाल तर ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवा. पालथं झोपू नका. मोठ्यानं घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर त्याची वेगळी तपासणी करून घ्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणं वाढतं. तसं वाटलं तर गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

दात झिजत असतील तर दंतवैद्य माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकची, सगळ्या दातांवर बसणारी रात्रीची प्लेट बनवून देतात. ती दात वाचवते, पण दात खाणं थांबवतेच असं नाही. बाजारातल्या तयार मऊ प्लेटा काही जण उलट जास्त चावतात. मोजक्याच दातांवर बसणारी प्लेट महिनोन्‌महिने वापरली तर चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलू शकतो. प्लेट गार पाण्यानं धुवा, गरम पाण्यात ती वाकडी होते. सकाळी काढल्यावर चावा थोडा वेळ वेगळा वाटला तर चालतं; दिवसभर तसाच राहिला तर प्लेट घेऊन दंतवैद्याकडे जा.

दवाखान्यात कधी आणि काय घेऊन जायचं

तीन-चार आठवडे हे सगळं नीट करूनही फरक नसेल, तोंड ३५ मिलिमीटरच्या आत अडकलं असेल किंवा चेहऱ्याला बधिरपणा आला असेल, तर दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात जा. पूर्वी कट् होणारा आवाज एकाएकी बंद होऊन तोंड उघडेनासं झालं, तर चार दिवस वाट पाहू नका. तोंड उघडंच अडकून राहिलं तर घरी कुणाला जबडा ओढू देऊ नका, थेट रुग्णालयात जा. जबडा दुखतो एवढ्याच कारणासाठी दात घासून कमी करणं, सगळ्या दातांना टोप्या बसवणं किंवा तारा लावणं कुणी सुचवलं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. घासलेला दात परत येत नाही. झोप उडाली असेल आणि मन सतत धास्तावलेलं असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं.

जाताना तोंड उघडण्याचे लिहून ठेवलेले आकडे, चालू गोळ्यांची नावं आणि दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी याची नोंद सोबत न्या. सकाळी जास्त असेल तर डॉक्टर रात्रीच्या दात खाण्याकडे पाहतील, संध्याकाळी जास्त असेल तर दिवसाच्या सवयीकडे.