चित्रपटांच्या डिस्क आता कशा निवडाव्यात आणि कशा टिकवाव्यात

चित्रपटांच्या डिस्कची बाजारपेठ आकसत चालली आहे, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. अमेरिकेत १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटच्या डिस्क रवाना केल्या, आणि बेस्ट बाय या मोठ्या विक्रेत्याने २०२४ मध्ये डिस्क विकणेच थांबवले. दुसरीकडे क्रायटेरियन, अ‍ॅरो यांसारखे प्रकाशक जुने चित्रपट फिल्मवरून नव्याने स्कॅन करून बाजारात आणत आहेत. मात्र त्यांतल्या मर्यादित आवृत्त्या एकदा संपल्या की पुन्हा निघतीलच याची शाश्वती नसते. यावरून अंदाज बांधायचा तर डीव्हीडी घरोघरी असण्याचे दिवस परत येणार नाहीत. डिस्क उरेल ती निवडक चित्रपट निगुतीने जपणाऱ्यांपुरती. असा छोटा संग्रह उभा करताना काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, ते पुढे सांगितले आहे.

आधी यंत्राची सोय

पहिला खर्च चित्रपटांवर न करता प्लेअरवर करावा. कारखान्यात नीट तयार झालेली डिस्क काही दशके सहज टिकते, पण ती वाचणारे यंत्र तेवढा काळ बाजारात मिळत राहीलच असे नाही. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणे सोडले आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी नवे प्लेअर काढणे थांबवले. (सोनीने ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणारी डिस्क, बंद केल्याची बातमी २०२५ च्या सुरुवातीला बरीच फिरली होती. प्रत्यक्षात थांबले ते रेकॉर्डिंगसाठीच्या कोऱ्या डिस्कचे उत्पादन. छापील चित्रपटांच्या डिस्कशी त्याचा संबंध नव्हता.)

घ्यायचाच असेल तर ब्लू-रेहूनही जास्त बारकावे दाखवणाऱ्या ४के डिस्कचा, म्हणजे ४के अल्ट्रा एचडी प्लेअर घ्यावा, कारण त्यावर साधी ब्लू-रे आणि डीव्हीडीही चालते आणि जुना संग्रह वाया जात नाही. खेळांचे कन्सोल घरात असेल तर वेगळ्या प्लेअरची गरज कदाचित पडणारही नाही. डिस्क ड्राइव्ह असलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही दोन्ही यंत्रे ४के डिस्क चालवतात. प्लेस्टेशन ४ प्रो मात्र नावात ‘प्रो’ असूनही चालवत नाही. कन्सोलवर डिस्कमधले डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक उजेड आणि रंग जुळवणारी पद्धत) मिळत नाही, चित्र एचडीआर१० या साध्या पद्धतीत दिसते. बहुतेकांना हा फरक जाणवणार नाही, पण उत्तम टीव्हीवर ज्यांनी मुद्दाम पैसे घातले आहेत त्यांनी तो लक्षात घ्यावा. संगणकावर विसंबून मात्र राहू नये. ४के डिस्क संगणकावर अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स ही सुरक्षा सोय लागत असे, आणि अकराव्या पिढीपासूनच्या घरगुती प्रोसेसरमधून इंटेलने तीच काढून टाकली.

वापरलेला प्लेअर घेताना केवळ ट्रे उघडतो-मिटतो एवढे पाहून समाधान मानू नये. सोबत तीन थरांची, म्हणजे १०० जीबीची एखादी ४के डिस्क न्यावी आणि चित्रपटाच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या प्रकरणांवर उड्या मारून पाहाव्यात. लेझर दुबळे झाले असेल तर बहुधा अशाच डिस्कवर ते आधी अडखळते. त्यानंतरचे काम अनेक जण विसरतात. ब्लू-रेवरील नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात, त्यामुळे जुने फर्मवेअर (यंत्राच्या आतली आज्ञावली) असलेला प्लेअर नवी डिस्क नाकारू शकतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे अखेरचे फर्मवेअर अजून उपलब्ध असेल, तोवरच ते उतरवून प्लेअरमध्ये भरावे आणि त्याची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. उत्पादन थांबलेल्या मॉडेलची पाने कधी नाहीशी होतील, सांगता येत नाही.

कोणता चित्रपट विकत घेण्याजोगा

सगळेच घेण्यात अर्थ नाही. एकदा पाहून विसरण्याजोग्या चित्रपटासाठी स्ट्रीमिंग उत्तम आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डिस्क घ्यावी ती पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाची, आणि त्याहूनही आधी अशा चित्रपटाची, ज्याचे हक्क छोट्या निर्मात्यांकडे विखुरलेले आहेत. मोठ्या स्टुडिओचा गाजलेला चित्रपट एका सेवेवरून उतरला तर दुसरीकडे सापडतो. ज्याचा वितरकच बंद पडला, तो कुठेच सापडत नाही.

डिजिटल दुकानातून ‘विकत’ घेतलेला चित्रपट हा यावरचा उपाय नव्हे. तिथे आपल्या हाती येतो तो पाहण्याचा परवाना. हे ग्राहकाला स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ असा शब्द वापरण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून मनाई केली आहे. विकत घेतलेल्या चित्रपटांचे डिजिटल कपाट म्हणून स्टुडिओंनीच पुढे आणलेली अल्ट्राव्हायोलेट ही सेवा ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली, आणि ज्यांनी आपले खाते वेळेत दुसऱ्या दुकानाशी जोडले नव्हते त्यांची पंचाईत झाली.

चित्राच्या दर्जाचा मुद्दा खरा आहे, पण तो सरसकट लागू होत नाही. ४के स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटचे इंटरनेट पुरेसे मानते, तर ४के डिस्कवर हा वेग सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. भर दुपारच्या उजेडात चित्रित झालेल्या संवादांच्या प्रसंगात हा फरक शोधूनही सापडत नाही. धुके, पाऊस, पाण्याखालचे दृश्य किंवा अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीभोवती विरत जाणारा उजेड पडद्यावर आला की मात्र स्ट्रीमिंगमध्ये तो उजेड पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेला दिसतो आणि काळ्या भागात चौकोनी ठोकळे वळवळतात. फिल्मवर चित्रित झालेल्या जुन्या चित्रपटांचे बारीक कण, ज्याला ग्रेन म्हणतात, तेही माहिती लहान करण्यासाठी स्ट्रीमिंगमध्ये दिलेल्या दाबामुळे पुसले जातात. आवाजाचेही तसेच आहे. डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ यांत मूळ ध्वनीतले काहीही गाळलेले नसते, पण टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

कव्हरची मागची बाजू वाचताना

कोणत्या देशांत चालावी त्यानुसार डीव्हीडी विभागांच्या आकड्यांत आणि ब्लू-रे ए, बी, सी अशा विभागांत बांधलेली असते. आपला प्लेअर कोणत्या विभागाचा आहे ते खरेदीपूर्वी पाहावे. ४के डिस्कला असा विभाग नसतो, पण त्याच डब्यात सोबत दिलेल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो, आणि पुरवणी मुलाखती, चित्रीकरणाच्या हकिगती वगैरे नेमक्या तिच्यावरच असतात.

डीव्हीडीची तपासणी थोडी अधिक बारकाईने करावी लागते. पॅल या युरोप, भारत वगैरे ठिकाणच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींच्या वेगाने चालवलेला असतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजही बहुधा किंचित वरच्या पट्टीत जातो. लांबी कमी दिसली म्हणून प्रसंग कापले गेले आहेत, असे लगेच समजू नये. सुरुवातीच्या काळातील काही रुंद पडद्याच्या डीव्हीडी अ‍ॅनामॉर्फिक नाहीत, म्हणजे त्यांत चित्र रुंद टीव्हीच्या हिशेबाने साठवलेले नाही. आजच्या टीव्हीवर त्यांचे चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकलेले, छोटे दिसते. त्या शक्यतो टाळाव्यात.

‘४के’ हे अक्षर पाहून भुलू नये. या शतकातील अनेक चित्रपटांचे अंतिम संस्करण २के, म्हणजे ४के च्या निम्म्या रुंदीच्या चित्रात झाले आणि त्यांची ४के डिस्क त्यावरूनच मोठी करून काढलेली असते. रंग आणि उजेड-अंधाराच्या छटा त्यात सुधारतात, बारकावे फारसे वाढत नाहीत. याउलट ३५ मिमी फिल्मवरील जुना चित्रपट नव्याने ४के स्कॅन केलेला असेल, तर पैसे वसूल होतात. मात्र ग्रेन घासून चेहरे मेणासारखे गुळगुळीत केलेल्या आवृत्त्याही बाजारात आहेत, म्हणून दोन आवृत्त्यांच्या चौकटी शेजारी ठेवून केलेले परीक्षण आधी पाहावे.

वापरलेली डिस्क हातात घेतल्यावर

दिव्याखाली तिरकी धरून खालची बाजू पाहावी. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा दिसायला वाईट असला तरी बहुधा निभावतो, कारण प्रत्येक फेरीत माहितीचा अगदी लहान तुकडा तुटतो आणि तो भरून काढण्याची सोय डिस्कवर असते. गोलाईच्या दिशेने, म्हणजे माहितीच्या रेषेला समांतर गेलेला ओरखडा लहान असूनही घातक ठरतो. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिमी जाडीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने वरवरचे चरे घासून काढता येतात. ब्लू-रेत तो पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमी आत असतो आणि त्यावर कठीण लेप असतो. ती घासण्याचा प्रयत्न करू नये.

नंतर डिस्क उजेडासमोर धरून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, कडेला दुधाळ पट्टा किंवा तपकिरी डाग दिसतात का, ते पाहावे. हा बिघाड थरांमध्ये झालेला असतो आणि कितीही पुसले तरी जात नाही. २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये असा दोष असल्याचे वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केले; त्या काळातील वॉर्नरची डिस्क घेताना ती शेवटपर्यंत चालवून पाहण्याची अट विक्रेत्याला घालावी. खालची बाजू जांभळट दिसली तर डिस्क छापील नसून रंगद्रव्यावर रेकॉर्ड केलेली आहे, असे समजावे. तेवढ्यावरून ती बनावट ठरत नाही, कारण मागणीनुसार डिस्क तयार करून देणाऱ्या अधिकृत मालिकाही आहेत, पण तिच्याकडून छापील डिस्कइतक्या आयुष्याची अपेक्षा ठेवू नये.

नवी असो वा जुनी, डिस्क घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी पूर्ण चालवावी. पाकीटबंद डबे वर्षानुवर्षे तसेच ठेवून मग दोष सापडला, तर दाद मागायला कोणी उरलेले नसते.

पुसणे, ठेवणे, नोंदणे

डिस्क काढताना मधली खुंटी दाबून सोडवावी. कडेला धरून वाकवल्यास मधल्या भोकापाशी तडा जातो. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवत पुसू नये. चिकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. अ‍ॅसिटोन आणि थिनरने प्लास्टिक कायमचे धुरकट होते. कागदी लेबल चिकटवू नये.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली आहे. घरात हे काटेकोरपणे पाळणे कठीण असले तरी ऊन, दमट भिंत आणि टीव्हीमागची गरम जागा एवढे टाळले तरी बरेच साधते. डबे पुस्तकांसारखे उभे ठेवावेत. देखण्या पुठ्ठ्याच्या संचांत डिस्क खाचेत सरकवलेली असते आणि प्रत्येक वेळी काढताना घासते. अशा डिस्क साध्या प्लास्टिकच्या डबीत हलवाव्यात आणि पुठ्ठा शोभेपुरता ठेवावा.

संगणकावर प्रत काढून ठेवण्याचा मोह होतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार डिस्कवरील कुलूप तोडण्यास मनाई आहे आणि इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी पाहावा.

शेवटी एक साधी यादी ठेवावी: चित्रपटाचे नाव, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष, विभाग, शेवटचे कधी चालवून पाहिले आणि सध्या कोणाकडे आहे. यादी फोनमध्ये असली म्हणजे तीच आवृत्ती दुसऱ्यांदा घेतली जात नाही, आणि उसनी दिलेली डिस्क मागताना तारखेचा आधारही मिळतो.